धुळ्याची कुपी: मद्यपी चालकांचे खटले, तपासातील चुका आणि मराठवाड्यापर्यंत आलेला कायदा

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या चालकाला रात्री पोलिसांनी अडवले, तो प्यालेला असल्याचा गुन्हा नोंदवला आणि प्रकरण न्यायालयात उभे राहिले, की बचावाच्या वकिलाचे पहिले प्रश्न सहसा चालक किती प्याला होता याविषयी नसतात. रक्त कोणी काढले, किती वाजता काढले, कातडी कशाने पुसली, कुपीवर मोहोर कोणाची होती, आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती कुपी कोणाच्या ताब्यात होती, असे ते प्रश्न असतात. ऐकणाऱ्याला ही शुद्ध पळवाट वाटते. माणूस गाडीखाली आला आणि न्यायालयात चर्चा चालली आहे ती लाखेच्या मोहोरेची! हा संताप समजण्याजोगा आहे. परंतु हे प्रश्न वकिलांच्या डोक्यातून आलेले नाहीत. ते कायदेमंडळाने आणि शासनाने स्वतः लिहून ठेवलेल्या नियमांतून आलेले आहेत, आणि ते नियम का लिहावे लागले याची कथा मुंबई इलाख्याच्या दारूबंदीपासून सुरू होते.

प्रथम मराठवाड्याची गोष्ट वेगळी काढली पाहिजे. निजामाच्या राज्यात मद्याचा कायदा म्हणजे १३१६ फसलीचा हैदराबाद आबकारी कायदा. नावातच त्याचा स्वभाव आहे. शिंदी आणि दारू यांवरचा महसूल वसूल करणे, गुत्ते देणे, विनापरवाना गाळणाऱ्याला व विकणाऱ्याला पकडणे, हे त्याचे काम. पिणाऱ्याच्या शरीरात काय आहे याच्याशी आबकारीला कर्तव्य नव्हते. कर भरलेली शिंदी पोटात गेली की सरकारचे काम संपले. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला सर्रास 'गुत्तेदार' म्हणतात, त्या शब्दाला या जुन्या व्यवस्थेचा वास आहे. पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, पण हैदराबाद राज्य १९५६ पर्यंत टिकले. त्या काळात नांदेड हा त्या राज्याचा एक जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे.

पलीकडे मुंबई राज्यात याच वर्षांत नेमके उलटे घडत होते. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी लागू झाली. आता बाळगणे आणि विकणेच नव्हे, तर पिणे हाच गुन्हा ठरला. न्यायालयांच्या दृष्टीने हा बदल फार खोल होता. बाटली सापडली तर ती टेबलावर ठेवता येते, भट्टी सापडली तर पंचनामा करता येतो. पोटात गेलेली दारू मात्र दाखवायची कशी? कायद्याने गुन्ह्याचे स्थळ माणसाच्या शरीरात नेले, आणि त्या स्थळाचा पंचनामा करण्याचे साधन मात्र त्या कायद्यात नव्हते.

या कायद्याला पहिला मोठा धक्का फ्रॅम नसरवानजी बलसारा यांच्या याचिकेने दिला. व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांबरोबरच औषधी वाइन आणि कोलन वॉटरसारखी सुगंधी द्रव्ये बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क मान्य करावा, अशी त्यांची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. दारूबंदीचा गाभा शाबूत राहिला, परंतु मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी घटनाबाह्य ठरली. म्हणजे व्हिस्की पिणे गुन्हा, पण मद्यार्कयुक्त टॉनिक पिणे गुन्हा नाही. निकाल वाचायला सोपा होता. तो रस्त्यावर कसा लागू करायचा हे मात्र कोणी सांगितलेले नव्हते.

प्रसंग यायला चारच दिवस लागले. २९ मे १९५१ च्या रात्री कुलाब्याच्या बाजूला एका जीपने तीन माणसांना धडक दिली. जीप चालवीत होते बेहराम खुर्शीद पेसिकाका, आणि त्यांचे पद होते मुंबई विभागाचे प्रादेशिक परिवहन अधिकारी! ज्याच्या कार्यालयातून शहराला गाडी चालवण्याचे परवाने मिळत, तोच अधिकारी आरोपी झाला. कादंबरीकाराने असा योगायोग लिहिला असता तर तो ओढूनताणून आणलेला वाटला असता. पोलिसांनी त्यांना सेंट जॉर्ज रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी नोंदवले की श्वासाला मद्याचा वास आहे, डोळे तांबारलेले आहेत, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या आहेत. पण बोलणे सुसंगत आहे आणि हा माणूस सरळ रेषेत चालू शकतो. डॉक्टरांचे मत असे पडले की यांनी कोणत्या तरी स्वरूपात मद्यार्क घेतला आहे, पण ते मद्याच्या अमलाखाली नाहीत.

येथे थोडे थांबले पाहिजे. कारण आजचा वाचक 'प्यालेला' आणि 'मद्याच्या अमलाखाली' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. त्या काळच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याला गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल लागत असे. दारूबंदी कायद्याला मात्र एक घोटही पुरेसा होता. म्हणून सरळ रेषेत चालू शकणारा, शुद्धीवर असलेला माणूसही दारूबंदी कायद्याखाली गुन्हेगार ठरू शकत होता. अट एवढीच की त्याने घेतले ते औषध नव्हते, दारू होती. पेसिकाकांचा बचाव नेमका याच जागी उभा राहिला. आपण बी. जी. फॉस नावाचे मद्यार्कयुक्त टॉनिक घेतले होते, असे त्यांचे म्हणणे.

मग ते टॉनिक होते की व्हिस्की, हे सिद्ध कोणी करायचे? दंडाधिकाऱ्यांनी मद्यसेवनाच्या आरोपातून त्यांना सोडले. सरकारने अपील केले. मुंबई उच्च न्यायालयाने औषधाची सवलत हा अपवाद मानला, अपवाद सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकले आणि एक महिन्याची सक्तमजुरी व पाचशे रुपये दंड सुनावला. सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायमूर्तींतच मतभेद झाले, प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आणि सप्टेंबर १९५४ मध्ये सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांच्या बहुमताच्या निकालाने शिक्षा रद्द झाली. तर्क असा होता: घटनाबाह्य ठरलेला भाग नागरिकांपुरता कायद्यातून पुसला गेला आहे. उरलेला गुन्हा म्हणजे 'निषिद्ध' मद्य पिणे, आणि ते निषिद्ध होते हे सरकारनेच सिद्ध केले पाहिजे. नुसत्या वासावरून व्हिस्की आणि टॉनिक वेगळे ओळखता येत नाहीत. घटनात्मक कायद्याच्या वर्गात हा खटला मूलभूत हक्क सोडून देता येतो का, या प्रश्नासाठी शिकवला जातो. त्याच्या मुळाशी असलेली जीप, कुलाब्याचा रस्ता आणि डॉक्टरांची ती अर्धवट नोंद मात्र बहुधा सांगितली जात नाही.

सरकारपुढे आता सरळ पेच होता. रस्त्यावर पकडलेला प्रत्येक जण टॉनिकचे नाव घेऊ लागला तर दारूबंदीचे खटले उभे राहणार कसे? उत्तर रसायनशास्त्रात शोधले गेले. नॉर्वेने १९३६ मध्येच वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा आकड्यात ठरवून टाकली होती, ०.०५ टक्के. मुंबई राज्याच्या १९५९ च्या दुरुस्तीत तोच आकडा दिसतो. कलम ६६ मध्ये नवे पोटकलम आले: रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक मद्यार्क असल्याचे सिद्ध झाले, तर आपण घेतले ते औषध होते हे आरोपीने दाखवायचे. न दाखवल्यास न्यायालय उलट गृहीत धरील. पेसिकाका निकालाने सरकारच्या डोक्यावर ठेवलेले ओझे एका आकड्याच्या बळावर पुन्हा आरोपीच्या डोक्यावर आले. सोबत कलम १२९-अ आले. मद्यसेवनाचा वाजवी संशय असल्यास तपासात अधिकाऱ्याने त्या व्यक्तीला नोंदणीकृत वैद्यकापुढे न्यावे, रक्त घ्यावे, आणि विरोध झाल्यास आवश्यक तेवढे बळ वापरावे.

माणसाला धरून त्याच्या शिरेत सुई घालण्याचा अधिकार शासनाने घेतला, तेव्हा त्याच हाताने स्वतःवर काही बंधनेही घातली. १९५९ चे वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियम ही ती बंधने. त्यांतला चौथा नियम इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे. इतका बारीक तपशील सरकारी नियमांत क्वचित आढळतो. पिचकारी उकळत्या पाण्यात टाकून निर्जंतुक करावी. जेथून रक्त घ्यायचे ती जागा निर्जंतुक पाण्याने स्वच्छ करावी. रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होऊ नये. शिरेतून किमान पाच घनसेंटिमीटर रक्त घ्यावे. रक्त गोठू नये व बिघडू नये यासाठीची द्रव्ये असलेल्या कुपीत ते ओतून कुपी जोराने हलवावी. कुपीला चिठ्ठी लावावी, लाखेने बंद करून वैद्यकाची मोहोर उठवावी. कुपी टपालाने वा खास दूतासोबत अशी पाठवावी की सात दिवसांच्या आत ती चाचणी अधिकाऱ्याकडे पोहोचेल, आणि सोबतच्या पत्रावर त्याच मोहोरेचा नमुना असावा.

यातला एकही शब्द शोभेचा नाही. इंजेक्शनपूर्वी कातडी स्पिरिटने पुसणे ही दवाखान्यातली नित्याची सवय, आणि स्पिरिट म्हणजेच मद्यार्क. ज्या चाचणीत शेकडा ०.०५ इतक्या अंशावर माणूस गुन्हेगार ठरतो, तिथे स्पिरिटचा बोळा हा पुरावाच दूषित करू शकतो. परिरक्षक द्रव्य नसेल तर कुपीतील रक्त कुजते, आणि कुजण्याच्या क्रियेतही मद्यार्क तयार होऊ शकतो. मोहोर नसेल तर हे रक्त याच माणसाचे, असे म्हणायला आधार राहत नाही. आरोपीला आपल्या रक्ताची चाचणी स्वतः करून पाहता येत नाही. प्रयोगशाळेचा कागद येतो आणि तो त्याच्याविरुद्ध बोलतो. त्या कागदावर प्रश्न विचारण्याची त्याच्याकडची एकमेव जागा म्हणजे ही कार्यपद्धती.

त्याच १९५९ साली आणखी एक गोष्ट घडली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला होता, पण आबकारीचे जुने कायदे प्रदेशागणिक वेगळे होते. १९५९ च्या विस्तार व दुरुस्ती अधिनियमाने मुंबईचा दारूबंदी कायदा राज्याच्या उरलेल्या भागांना लागू केला. म्हणजे मुंबईने वासापासून कुपीपर्यंतचा प्रवास वाद घालत, न्यायालयात हरत दहा वर्षांत केला. नांदेड-लातूरकडे दारूबंदी आणि रक्ताची कुपी जवळजवळ एकदमच आली. गुत्त्यांच्या राज्यातून आलेल्या या मुलखातील पोलीस ठाणी आणि सरकारी दवाखाने यांना तो बदल पचवायला किती कमी वेळ मिळाला असेल, याचा विचार राजकीय इतिहासात फारसा होत नाही.

नियम कागदावर येऊन दोन वर्षे होत नाहीत तोच त्यांची परीक्षा झाली, ती खानदेशात. ३ एप्रिल १९६१ रोजी धुळ्याच्या परिसरात उखा कोल्हे या चालकाच्या मोटारीला अपघात होऊन प्राणहानी झाली. जखमींबरोबर चालकालाही धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात आणले गेले. डॉक्टरांना श्वासात मद्याचा वास आला आणि त्याच रात्री रक्त काढून कुपीत ठेवले गेले. हे पोलिसांच्या सांगण्यावरून झाले नव्हते, हा मुद्दा पुढे निर्णायक ठरला. नंतर ती कुपी पोलिसांमार्फत मुंबईला रासायनिक विश्लेषकाकडे गेली. अहवाल आला: ०.०६९ टक्के. मर्यादेपेक्षा अधिक.

धुळ्याच्या दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवले. अपिलात सत्र न्यायाधीशांचे लक्ष मधल्या दिवसांवर गेले. रक्त काढल्यापासून मुंबईला रवाना होईपर्यंत कुपी कोठे होती, कोणाच्या ताब्यात होती, याचा धड पुरावाच सरकारी पक्षाने दिला नव्हता. ज्यांनी सांगायचे ते साक्षीदारच तपासले नव्हते. यावर त्यांनी शिक्षा रद्द केली, पण आरोपीला सोडले नाही. खटला पुन्हा नव्याने चालवा, असा आदेश दिला. उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. चालक सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याची तक्रार रास्त होती. चूक सरकारची, आणि ती निस्तरण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून पिंजऱ्यात उभे राहायचे आरोपीने?

१९६३ च्या निकालात बहुमताच्या वतीने न्या. जे. सी. शहा यांनी फेरखटल्याचा आदेश रद्द केला. फेरखटला हा अगदी अपवादात्मक परिस्थितीतच द्यावा. सरकारी पक्षाला आपल्या पुराव्यातील भोके बुजवण्याची संधी म्हणून तो देता येत नाही. भारतातील फौजदारी न्यायालये हे तत्त्व आजही याच खटल्याच्या नावाने सांगतात. परंतु दुसऱ्या हाताने त्यांनी सरकारलाही काही दिले. कलम १२९-अ तपासात पोलिसांनी करवून घेतलेल्या तपासणीला लागू आहे. तपास सुरू होण्यापूर्वी डॉक्टरने आपणहून घेतलेल्या रक्ताला नाही. शिवाय मद्यसेवन अन्य मार्गांनीही सिद्ध करता येईल असे कलमातच म्हटले आहे. सत्र न्यायालयाने अपील पुन्हा ऐकावे, गरज वाटल्यास ताब्याविषयी अधिकचा पुरावा घ्यावा. कुपी खटल्यातून बाद झाली नाही.

न्या. सुब्बा राव यांना हे पटले नाही. त्यांचे भिन्न मत थोडक्यात असे: विधिमंडळाने रक्तचाचणीची एक विशिष्ट रीत घालून दिली असेल आणि तिच्या बळावर आरोपीविरुद्ध गृहीतक उभे राहत असेल, तर रक्ताचा पुरावा त्याच रीतीने यायला हवा. ही रीत म्हणजे नागरिकाला दिलेले संरक्षण; आडवाटेने आणलेल्या कुपीला तेच वजन दिले तर संरक्षणाला अर्थ उरत नाही. बहुमत कायदा ठरले, हे खरे. पण जिल्हा न्यायालयांतील उलटतपासण्या वाचल्या तर त्यांवर सावली सुब्बा राव यांच्या मताची अधिक दिसते, आणि इतिहासाच्या दृष्टीनेही तेच मत अधिक टिकाऊ वाटते. (रक्त देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे काय, हाही प्रश्न त्या काळी हवेत होता. १९६१ च्या काठी कालू ओघड निकालात बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असे ठरले, आणि त्या तर्कापुढे रक्ताचा आक्षेप फार काळ टिकणार नव्हता. त्यामुळे आरोपीच्या हाती उरली ती कार्यपद्धतीच.)

१९७१ मध्ये बच्चूभाई हसनअली कार्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. श्वासाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढे सगळे नोंदलेले होते. पण लघवीची चाचणी केलेली नव्हती, आणि रक्त तपासणीला पाठवूनही त्याचा अहवाल सरकारने न्यायालयात आणलाच नाही. केवळ लक्षणांवरून मद्याचा अंमल सिद्ध झाला असे मानण्यास न्यायालयाने नकार दिला. पेसिकाकांच्या खटल्यात कुपीच नव्हती, धुळ्यात कुपी होती पण तिचा ठावठिकाणा नव्हता, येथे कुपी गेली आणि कागद आला नाही.

मोटार वाहन कायदाही दरम्यान बदलला. १९८८ च्या कायद्यातील कलम १८५ मध्ये आरंभी रक्तातील मद्यार्काचे कितीही अल्प प्रमाण गुन्हा ठरवणारे होते. १९९४ च्या दुरुस्तीने श्वासयंत्राच्या चाचणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमहून अधिक ही मर्यादा आली. दारूबंदी कायद्याचे ०.०५ टक्के म्हणजे ५० मिलिग्रॅम. दोन्ही आकडे आजही शेजारी नांदतात: ४० मिलिग्रॅम भरलेला चालक एका कायद्याने दोषी आहे, आणि दुसऱ्या कायद्याचे गृहीतक त्याला लागू होत नाही. कलम १८५ खाली अटक केलेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला सोडावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार झाला आणि श्वासयंत्राबरोबर प्रयोगशाळेसह अन्य चाचण्याही मान्य झाल्या.

या साऱ्याचे सर्वाधिक गाजलेले रूप म्हणजे अभिनेता सलमान खान याचा खटला. २८ सप्टेंबर २००२ रोजी वांद्र्यात पदपथावर झोपलेल्या माणसांवर गाडी चढून एकाचा मृत्यू झाला होता. ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. त्या निकालात इतर मुद्द्यांबरोबर रक्ताच्या नमुन्याचाही ऊहापोह आहे: ते कसे घेतले, किती घेतले, किती पोहोचले, मध्ये कोठे होते. समाजमाध्यमांवर त्या दिवशी उसळलेला राग खोटा नव्हता. मृताच्या घरच्यांना तेरा वर्षांनी जे ऐकावे लागले ते कोणालाही ऐकावेसे वाटणार नाही. पण प्रश्न जुनेच होते, धुळ्याच्या त्या अनामिक चालकाने विचारलेले. फरक इतकाच की ते नीट विचारायला निष्णात वकील लागतो आणि त्याला देण्यासाठी पैसा लागतो. टेम्पोचा चालक बहुधा पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरतो, कारण तारखांना हजर राहायचे तर रोजगार बुडतो. त्याच्या कुपीवर मोहोर होती की नव्हती, हे कोणी पाहतच नाही.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर भूगोल बराच बदलला आहे. १९८१ मध्ये औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे लोह्याजवळचा अपघात नांदेडच्या आणि अहमदपूरजवळचा लातूरच्या सत्र न्यायाधीशांपुढे जातो. राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांपैकी एक प्रादेशिक प्रयोगशाळा आता नांदेडलाच आहे. धुळ्याच्या कुपीला जशी मुंबई गाठावी लागली तशी वेळ येथल्या कुपीवर येत नाही. अंतर कमी झाले, तरी दवाखान्याच्या टेबलापासून प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत कुपी नेणारा असतो तो पोलीस शिपाईच. त्याने ती कधी घेतली, मुद्देमाल नोंदवहीत क्रमांक काय पडला आणि सात दिवसांतल्या कोणत्या दिवशी पोहोचती केली, हे त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून सांगावे लागते.